आधीच्या किल्ल्या कुणाकडे?

किल्लीवालीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या अख्ख्या बिल्डिंगची फसगत झाली होती. आजही आठवलं की हसू आवरत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपिणीचं दार वाऱ्याने लागलेलं, आत तान्हं मूल, गॅसवर दूध, बाहेर शिंपीण रडतेय आणि तिचा नवरा खांद्याने दार फोडायच्या बेतात. तेवढ्यात ही आली. कुलूप उघडायचे दोन तारेचे आकडे दातात धरलेले, बाह्या दुमडलेल्या. नवऱ्याला कोपराने बाजूला सारलं आणि म्हणाली, रडायचं असेल तर खाली जाऊन रडा, मला कुलपाचा आवाज ऐकू येत नाहीये. दूध उतू जायच्या आत दार उघडलं. आम्ही बायका म्हणालो, ही बाई यमाच्या दाराचंही कुलूप काढील आणि वर मजुरी मागेल.

कसलं यमाचं दार नि कसलं काय. तिच्याइतकी भित्री बाई शोधून सापडायची नाही. फोन वाजला की दचकते. गिऱ्हाइकाकडे लिफ्ट असली तरी एकटी चढत नाही. घराला कुलूप लावलं की ओढून बघते, चार पायऱ्या उतरते, परत चढते, परत ओढते. नवरा होता तेव्हा तो म्हणायचा, अगं, कुलूप मी बनवलंय, लावलंयस तू, आता तिसरा विश्वास कुणावर ठेवायचा राहिलाय? नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचा किल्ल्यांचा गाळा ही चालवते. घरात उरल्या दोघी: ही आणि नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे हिच्या वन्सं.

वन्संनी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे घरातही छडी हातात असल्यासारख्याच बोलतात. भाजीत मीठ कमी पडलं तरी नकाशावर चूक सापडल्यासारखा चेहरा. पण गेल्या वर्षी जिन्यात घसरल्या, गुडघा बदलावा लागला आणि बिल्डिंगला लिफ्ट नसल्याने चार मजले उतरणं बंद झालं. डोळेही थकले. फोनवरची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसायची. वाचनालय बंद, मैत्रिणी बंद, बुधवारी जुने विद्यार्थी भेटायचे तेही बंद. आता ते विद्यार्थी कॉम्प्युटरवर भेटतात म्हणे, सगळे एका पडद्यावर चौकटीचौकटीतून. वन्सं दिवसभर खिडकीशी बसायच्या आणि खालून जाणाऱ्या गाड्या मोजायच्या. संध्याकाळी किल्लीवाली घरी आली की सांगायच्या, आज दोनशे अकरा. पहिल्यांदा तिला ती थट्टा वाटली. मग कळलं, थट्टा नव्हती.

एका मंगळवारी वन्संनी पलंगाखालची बॅग ओढून काढली. धाकटा भाऊ दुसऱ्या गावी राहतो, त्याचं घर तळमजल्याला, आणि त्यांच्यासाठी रिकामी ठेवलेल्या खोलीत मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर. तोच, म्हणजे हिचे भावोजी, रविवारी गाडी घेऊन न्यायला येणार होते. वन्संनी हे सगळं सांगितलं ते हवामानाचा अंदाज सांगावा तसं. वर म्हणाल्या, "वहिनी, बॅगेचं कुलूप अडकलंय. जरा उघडून दे."

बघा आता. जी बाई आपल्याला सोडून निघालीय तिचीच बॅग आपण उघडून द्यायची. तसलं कुलूप किल्लीवाली डोळे मिटून अर्ध्या मिनिटात काढते. पण त्या दिवशी म्हणाली, गंजलंय, तेल सोडून ठेवते, दोन दिवस लागतील. वन्संनी चष्म्यावरून पाहिलं.

तुम्हाला वाटेल, नणंद जाते म्हटल्यावर भावजय पेढे वाटेल. पण हिला वन्संचं जाणं नको होतं, आणि त्याचं कारण तिच्या धंद्यात होतं. बंद घरं उघडायला हिलाच बोलावतात ना. बाहेरून दाराला कान लावला की आत काय आहे ते तिला कळतं. माणसं गावाला गेलेल्या घराचा आवाज वेगळा. आणि एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घराचा, शेजाऱ्यांनी तीन दिवस बेल वाजवूनही जे उघडलं नाही त्या घराचा, आवाज वेगळा. अशी पाच दारं तिने आजवर उघडली होती. उघडून देते आणि आत न बघता जिना उतरते, पैसेही घेत नाही. मंगळवारी रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. तिच्या मनात एकच येत होतं: उद्या माझं दार उघडायची वेळ आली तर बोलावतील कुणाला? गावात किल्लीवाली मीच.

म्हणून बुधवारी गाळा बंद ठेवून ती कॉम्प्युटर आणायला निघाली. रविवारच्या आत घरात मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर हवा, बास. त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, जीव मुठीत होता, पण पाय निघाले.

कॉम्प्युटरच्या नव्या दुकानाचं दारच आपोआप उघडलं. तिथेच निम्मं अवसान गळालं. कुलूप नाही, कडी नाही, हात न लावता उघडणारं दार म्हणजे तिच्या दृष्टीने भुताटकीच. आत बर्फासारखा गारवा, भिंतभर पडदे आणि प्रत्येकावर मासे पोहताहेत. निळ्या कोटातली एक बाई गोड हसत आली. तिने विचारलं, वापर कशासाठी? किल्लीवालीला सांगायचं होतं की माझी नणंद जाऊ नये यासाठी, पण ते काही दुकानात सांगण्यासारखं नाही. ती म्हणाली, घरी वापरायला. मग त्या बाईने जे सुरू केलं ते सुरूच ठेवलं. ह्यात एवढी मेमरी, त्यात तेवढी, हा खेळांसाठी, हा व्हिडिओ कापायला, आणि हा बघा, ह्याच्या आत रंगीत दिवे लागतात. किल्लीवाली म्हणाली, दिवे कशाला, आत कोण बसणार आहे? निळी बाई हसली, पण अर्धीच. किंमत ऐकून किल्लीवालीने हाताची घडी घातली. तरी तीही तिने गिळली असती. अडलं ते पुढे. मोठा पडदा आणि साधं मशीन हवं असेल तर मागवावं लागेल, दहा दिवस. रविवारला उरले होते चार.

घरी आली तेव्हा वन्संनी विचारलं, बॅग झाली का? ही म्हणाली, तेल मुरतंय.

गुरुवारी ती जुन्या बाजारात गेली, आणि खरं सांगायचं तर आगीतून फुफाट्यातच गेली. कारण तिच्या धंद्याचा एक नियम आहे, तो तिच्या नवऱ्याने पहिल्या दिवशी शिकवला होता: घराच्या दाराला वापरलेलं कुलूप कधी विकायचं नाही. दिसायला ते कितीही ठणठणीत असो. त्याची एक किल्ली तुमच्या हातात, पण आधीच्या किती किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत ते देवालाही माहीत नसतं. जुनी मोलकरीण, घर सोडून गेलेला भाडेकरू, रागावून गेलेला मुलगा. तीस वर्षं हा नियम पाळणारी बाई आता दुसऱ्याने वापरलेलं मशीन घरात आणायला निघाली होती. आणि ह्या मशीनला तर म्हणे डोळा असतो, कान असतात, आणि त्यातून माणसं घरात बघतात. शिंपिणीनेच सांगितलं होतं तिला तसं. तिची आतेबहीण का कोण, तिचं खातं असंच कुणीतरी उघडलं. शिंपीण अर्धं ऐकते आणि दीडपट सांगते हे ठाऊक असूनही किल्लीवालीने ते खरं धरलं.

दुकान तळघरात होतं. वरच्या नळीच्या दिव्याची भुरभुर चाललेली, मांडण्यांवर काळी खोकी रचलेली, कोपऱ्यात वायरींचा गुंता. दुकानदार पन्नाशीचा, कपाळावर एक चष्मा आणि नाकावर दुसरा. सगळा बाजार त्याला चष्मेवालेच म्हणायचा. तो गडबडीने काही सांगत सुटला नाही. विचारलं, कोण वापरणार? काय वाचणार? तोंडं बघून बोलायचं आहे का? मग म्हणाला, एवढ्याला नवं कशाला, ऑफिसातून निघालेलं पाच-सहा वर्षांचं मशीन पुष्कळ झालं. फक्त सिस्टिमला अजून अपडेट येत असायला हवेत, आणि आतली डिस्क जुनी फिरकीची नको, नव्या जातीची हवी. पडदा मात्र मोठा घ्या, पैसे घालायचे तर तिथे घाला.

सरळ माणूस दिसत होता. म्हणूनच किल्लीवालीला जास्त भीती वाटली. तिच्या धंद्यात सरळ दिसणारी माणसंच खोटी किल्ली करून मागायला येतात.

तिने मांडणीवरून नजर फिरवली आणि एका खोक्यापाशी थांबली. कपाळावरचं आठ्यांचं जाळं एकदम सैल झालं. त्या खोक्याच्या बाजूच्या पत्र्याला बोटाच्या पेराएवढं गोल कुलूप होतं. बाकी कुठल्याच मशीनला तसं नव्हतं. दुसरं कुणी असतं तर मेमरी विचारली असती, वर्षं विचारली असती. हिने बोट ठेवलं आणि सांगितलं, हेच द्या. पोरीला स्थळ बघायला गेलेली आई मुलाच्या मिशीवर भाळावी तशातली गत.

चष्मेवाले म्हणाले, ते नका मागू. विमा कचेरीतून दहा मशीनं आली होती, नऊ गेली, ह्याची किल्ली हरवलीय. पत्रा निघत नाही म्हणून आतली धूळ काढलेली नाही, डिस्क बदललेली नाही. आणि उघडून साफ केल्याशिवाय मी विकत नाही.

पण ती ऐकते कसली. म्हणाली, चालतं का ते तरी बघू. वायर लावून तिने स्वतःच बटण दाबलं. मशीन गुरगुरलं. पडदा निळा झाला आणि त्यावर एक माणूस आला. टक्कल पडलेला, हसरा, टाय लावलेला. खाली त्याचं नाव आणि एक पांढरी चौकट, पासवर्ड मागणारी.

रिकामं घर समजून दार उघडावं आणि समोर घराचा मालक खुर्चीत बसलेला दिसावा, तसं तिचं झालं. तो माणूस तिच्याकडे बघून हसत होता आणि ती मागे सरकत सरकत वायरींच्या गुंत्यात अडकली. चष्मेवाल्यांनी हात दिला नसता तर पडलीच असती. सावरल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

"ह्याच्या आधीच्या किल्ल्या कुणाकडे आहेत?"

चष्मेवाल्यांनी नाकावरचा चष्मा काढला. हसले नाहीत, ही त्यांची पुण्याई. म्हणाले, "बाई, किल्ल्या सगळ्या त्या डिस्कमध्ये. ह्या माणसाचा फोटो, त्याची पत्रं, त्याचे पासवर्ड, सगळं तिथे. डिस्क काढली की हा माणूस गेला. पत्र्याला काही आठवत नसतं."

हे किल्लीवालीने कुठेतरी ऐकलं होतं. ऐकलं कसलं, ती स्वतःच हे रोज गिऱ्हाइकांना सांगायची. भाडेकरू बदलला, दाराचं कुलूप चांगल्या जातीचं आहे, टाकवत नाही, तर ती काय करते? बाहेरची बॉडी तीच ठेवते आणि आतला गाभा नवा बसवते. त्या क्षणी बाहेर असलेल्या सगळ्या जुन्या किल्ल्या मेल्या. इतकी वर्षं हे करत आली आणि इथे तळघरात येऊन साप साप म्हणून भुई धोपटत होती.

भीती गेली नाही बरं का. कथेत जाते तशी तिची भीती जात नाही. पण थरथरत्या हातांनी तिने पिशवीतून आकडा आणि ताण द्यायची पट्टी काढली. हात कुलपाला लागले की त्यांची थरथर थांबते, बाकीच्या अंगाची नाही. चष्मेवाले दोन्ही चष्मे लावून बघत राहिले. त्या कुलपाशी ते तीन महिने झगडले होते. हिने शिंक यावी इतक्या वेळात पत्रा हातात दिला. आत धुळीची गोधडी होती. ती बाजूला करून त्यांनी डिस्क काढली, बाकीच्या मशीनांत घातली तसली नवी बसवली आणि म्हणाले, जुनी मी कचेरीला कळवून नष्ट करतो. ही म्हणाली, कळवा खुशाल, पण नष्ट माझ्यासमोर करा. त्यांनी ड्रिलने डिस्कला आरपार भोक पाडलं. हिने ड्रिल मागून घेतलं आणि आणखी दोन पाडली. मशीन शनिवारी घरी आणून लावून द्यायचं ठरलं.

शुक्रवार कसा गेला ते विचारू नका. गाळ्यात तिने एका गिऱ्हाइकाची किल्ली उलटी कापली, असं आयुष्यात झालं नव्हतं. आता भीती मशीनची नव्हती. वन्संनी बघितलं आणि नाक मुरडलं तर? रविवारी गाडी येणारच होती. संध्याकाळी तिने बॅगेचं कुलूप उघडून दिलं, कारण किती दिवस तेल मुरवणार. वन्संनी लगेच त्यात स्वेटर घडी करून ठेवले. दोन स्वेटर, नकाशांचं पुस्तक, औषधांचा डबा. किल्लीवाली स्वयंपाकघरातून तो प्रत्येक आवाज ओळखत होती.

शनिवारी चष्मेवाले दम खात चार मजले चढले. खिडकीजवळच्या टेबलावर पडदा मांडला, सगळं लावून, इंटरनेट जोडून दिलं, सुरू कसं करायचं, बंद कसं करायचं ते दोनदा दाखवलं आणि चहा घेऊन गेले. वन्संनी खोक्याभोवती नजर फिरवली, जशी उशिरा आलेल्या मुलाभोवती फिरवायच्या.

"जुनं दिसतंय."

"बॉडी जुनी आहे, वन्सं. आतलं नवं आहे."

वन्सं हं म्हणाल्या. त्यांचं हं सहा प्रकारचं असतं, आणि हे कुठलं ते किल्लीवालीला ओळखता आलं नाही. दोघींचा चहा गार झाला. आणि अचानक पडदा आपला आपण काळा ठिक्कर पडला. किल्लीवालीला वाटलं, संपलं. कपाटाला टेकून ती उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यासमोर गाडी, जिना उतरणारी बॅग आणि मागे कान लावून ऐकावं असं घर. वन्संनी शांतपणे माउस हलवला. पडदा उजळला. म्हणाल्या, झोपलं होतं गं. सांगितलं की त्यांनी, दहा मिनिटं हात नाही लावला तर झोपतं. तू ऐकत नव्हतीस, भिंतीकडे बघत होतीस.

मग वन्संनी नकाशा उघडला. एक नदी शोधली, जी त्यांनी पस्तीस वर्षं फळ्यावर खडूने काढली होती. बोटाने चाक फिरवत ती मोठी केली, आणखी मोठी केली. नदीत होड्या दिसायला लागल्या, काठावर दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसले. वन्सं नाक पडद्याला टेकेल इतक्या जवळ गेल्या आणि नदीबरोबर समुद्रापर्यंत गेल्या. पाऊण तास त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. खालून किती गाड्या गेल्या, त्या दिवशी कुणी मोजलं नाही.

शेवटी त्यांनी पासवर्ड ठेवायला घेतला. हाताचा आडोसा करून, परीक्षेतल्या हुशार मुलीसारखा. किल्लीवाली मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मलाही सांगा. वन्सं म्हणाल्या, पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो, चष्मेवाल्यांनी बजावलंय. मशीन तुझ्या काय कामाचं? तुला तर त्याच्याजवळ बसायचीही भीती वाटते.

किल्लीवालीने भात शिजला का ते बघावं तसं हळूच, दुसरीकडे बघत विचारलं, "उद्या तुम्ही गेलात, तर हे उघडणार कोण? बंद खोकं सांभाळत बसू का मी?"

वन्संची बोटं थांबली. त्यांनी बॅगेकडे पाहिलं नाही, पडद्याकडेच बघत राहिल्या. मग वैतागलेल्या स्वरात म्हणाल्या, की उद्या कोण जातंय? बुधवारी विद्यार्थी भेटणार आहेत, नदी बघून झाल्यावर मी त्यांना ह्याच्यावरूनच कळवलंय. भावोजींना फोन कर आणि सांग, यायचं तर जेवायला या, गाडीत जागा रिकामी ठेवायची गरज नाही. आणि मी जात नाही म्हटल्यावर तुला पासवर्ड लागतच नाही, म्हणजे तो प्रश्न मिटला.

दुसरी असती तर एवढ्यावर आनंदाने गप्प बसली असती. पण किल्लीवाली धंद्याच्या गोष्टीत माघार घेणारी बाई नव्हे. खुर्ची ओढून ती मशीनजवळ बसली, पहिल्यांदाच.

"वन्सं, घरात माणसं किती?"

"दोन."

"मग किल्ल्या किती?"

वन्संनी तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. शाळेत पस्तीस वर्षं ज्यांना कुणी उलट प्रश्न विचारून गप्प केलं नव्हतं, त्या बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली, वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, त्यावर पासवर्डची आठ अक्षरं लिहिली आणि तो तुकडा तिच्यासमोर सरकवला.